चोरलेले नाव आणि आपले मौन

कर्जवसुलीचा माणूस दारात येतो आणि ज्याने आयुष्यभर व्याजाच्या पैशाला हात लावला नाही, त्याच्या हाती त्याच्याच नावाची थकबाकीची नोटीस ठेवतो. आधार कार्डाची झेरॉक्स आणि पॅन क्रमांक वापरून कोणीतरी परस्पर कर्ज उचललेले असते. अशा वेळी घरात पहिला शब्द निघतो तो बहुधा हाच, की बाहेर कोणाला कळू देऊ नका. मोहल्ल्यात काय म्हणतील! मग कोणी वडीलधारे सब्र करण्यास सांगतात आणि प्रकरण तेथेच थांबते. हे मौन खरोखर सब्र आहे काय?

सूरह निसाच्या १०५ ते ११३ या आयतींच्या संदर्भात भाष्यकारांनी मदीनेतील एक घटना नोंदविली आहे. रिवायतींत तपशिलाचे फरक आहेत. त्यांपैकी प्रसिद्ध रिवायत अशी, की बनू उबैरिक घराण्यातील एकाने चिलखत चोरले आणि ते एका यहुद्याच्या घरी ठेवून आळ त्याच्यावर आणला. चोराचे नातलग त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे त्याची रदबदली करू लागले. वरकरणी पुरावा यहुद्याच्याच विरुद्ध होता. तेव्हा वह्य अवतरली आणि तो निर्दोष ठरला. ११२ व्या आयतीचा आशय असा, की जो स्वतः गुन्हा करून निरपराधावर ढकलतो, तो बोहतान आणि उघड पाप यांचे ओझे आपल्या डोक्यावर घेतो.

त्या घटनेत चिलखत एकाचे गेले आणि नाव दुसऱ्याचे. ओळखचोरीत ही दोन्ही नुकसाने एकाच माणसाच्या वाट्याला येतात. म्हणून पैसे परत मिळाले तरी त्याचा हक्क पुरा होत नाही. तो निर्दोष आहे हे लोकांसमोर आणि कागदावर सिद्ध व्हावे लागते. त्यासाठी त्याला बोलावेच लागेल.

देशाचा कायदा येथे त्याच्या बाजूने आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी किंवा ओळखीची अन्य खूण अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ६६ डी मध्ये संगणक वा मोबाइलद्वारे केलेल्या तोतयेगिरीलाही तेवढीच शिक्षा आहे. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरविली जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या निर्देशांनुसार चूक बँकेची नाही व ग्राहकाचीही नाही, अशा प्रसंगी सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजी दिवसांत कळविल्यास ग्राहकावर कोणताही भार पडत नाही. लाजेपोटी गप्प बसलेले घर नेमके हेच तीन दिवस गमावते. नावावर खोटे कर्ज असल्यास पतमाहिती कंपनीचा अहवाल वर्षातून एकदा मोफत मागविता येतो आणि चुकीच्या नोंदीवर हरकत घेता येते. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हे 'संचार साथी' या सरकारी सुविधेवर पाहता येते. आधारचे बायोमेट्रिक बंद ठेवता येते. प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधण्यास आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवण्यास सांगितले, ते याच अर्थाने.

आता त्या नातलगांविषयी. काही तरुण थोड्या पैशांसाठी आपले बँक खाते अनोळखी माणसाला वापरू देतात आणि 'आम्ही कोठे चोरी केली?' असे विचारतात. चोरीचा माल ठेवण्यास आपणहून जागा देणाऱ्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नाही. असा मुलगा आपल्या घरातला निघाला, तर त्याची रदबदली करण्यास कुरआनने मनाई केली आहे, हे ऐकण्यास कठीण आहे खरे. उलट, ज्याने भोळेपणाने ओटीपी सांगितला, त्याच्यावर आपण सारे तुटून पडतो. त्याचा निष्काळजीपणा मान्य. पण चोर तो नव्हे.

शरीअतनुसार मृताचे कर्ज वारसाहक्काच्या वाटणीपूर्वी फेडावे लागते. अशा खोट्या कर्जाची तक्रार झाली असेल, तर तिची प्रत आणि बँकेचे उत्तर वसीयतीच्या कागदांसोबत ठेवावे, म्हणजे त्या घरातील मुले उद्या वडिलांनी न घेतलेले कर्ज व्याजासह फेडत बसणार नाहीत.