विश्वास आणि पडताळा

आज्ञाधारकपणा हा आपल्याकडे सद्गुणांचा मेरुमणी समजला जातो. ‘मोठ्यांना उलट विचारू नये’ ही शिकवण मुलीच्या कानी फार लवकर पडते. पण ज्यात न विचारणे हेच पाप ठरावे, असाही एक व्यवसाय आहे. तो परिचारिकेचा.

आमच्या पिंपळीच्या मुली आता बाहेरगावी राहून नर्सिंग शिकतात. त्यांतली माझी एक जुनी विद्यार्थिनी परवा भेटायला आली होती. औषध देताना पाहायच्या पाच गोष्टी तिने बोटांवर मोजून दाखवल्या: रोगी तोच ना, औषध तेच ना, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ बरोबर ना? मग जरा थांबून म्हणाली, “गुरुजी, मोठ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या मात्रेची शंका आली, तर विचारा म्हणतात. पण तो त्यांच्यावर अविश्वास नाही का होणार?”

प्रश्न साधा नाही. औषध आणि विष यांत पुष्कळदा अंतर असते ते मात्रेचेच. बहुतेक औषधे यकृतात पचतात आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. म्हणून धडधाकट माणसाची मात्रा तान्ह्या मुलाला किंवा मूत्रपिंडे थकलेल्या वृद्धाला सोसत नाही. पोटॅशियम क्लोराइड सलाइनमध्ये मिसळून सावकाश दिले तर जीव राखते. तेच तसेच्या तसे शिरेत टोचले तर हृदय बंद पाडते. इन्शुलिन तर आता घरोघरी आहे. त्याच्या काही बाटल्यांत मिलिलिटरला ४० एकके असतात, काहींत १००. सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. १०० च्या औषधाला ४० ची सिरिंज लावली, तर २० च्या खुणेला अंगात ५० एकके जातात! डॉक्टर चुकला नाही, औषध चुकले नाही. तरी रोगी जिवानिशी जाऊ शकतो.

पण पाचही उत्तरे बरोबर असली म्हणजे झाले का? १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रोगी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष होते. १९३७ साली अमेरिकेत याच विषाने शंभरावर बळी घेतले होते. जे. जे. प्रकरणी नेमलेल्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने रुग्णालयापासून औषध प्रशासन आणि मंत्र्यांपर्यंत अनेकांवर ठपका ठेवला. बाटली हाती घेणाऱ्या परिचारिकेला ते विष डोळ्यांनी दिसणे शक्यच नव्हते. ते आधीच्या हातांनी अडवायला हवे होते.

‘आपल्या आधीच्याने पाहिलेच असेल’ या वाक्याला आपण विश्वास म्हणतो. मला वाटते, पुष्कळदा तो विश्वासाचे सोंग घेतलेला आळस असतो. खऱ्या विश्वासाला पडताळ्याचे भय नसते. सोनाराच्या तराजूकडे आपण पाहतो, म्हणून काही त्याला चोर ठरवत नाही.

म्हणून मी तिला म्हणालो, “पोरी, तुझी निष्ठा आधी खाटेवरच्या माणसाशी. तो ग्लानीत आहे, त्याला विचारता येत नाही. त्याच्या वतीने तू विचारायचे. आणि औषध दिल्यावरही त्याच्याकडे लक्ष ठेवायचे. लघवी कमी झाली, श्वास बदलला, तर लगेच सांगायचे.”

कुणी म्हणेल, वीस वर्षांच्या मुलीने रात्रपाळीत मोठ्या डॉक्टरांना अडवावे, हे बोलायला सोपे. खरे आहे. म्हणूनच या प्रश्नाचे अर्धे ओझे विचारणारीवर असले, तर अर्धे ऐकणाऱ्यावर आहे. एकदा जो शंका विचारणारीवर खेकसतो, तो तिची पुढची दहा तोंडे बंद करतो. आणि अकराव्या वेळी ती गप्प राहील, तेव्हा दोष केवळ तिचा कसा?

धैर्य काही गणवेशाबरोबर मिळत नाही. ज्या मुलीला घरात आणि वर्गात ‘का?’ म्हणू दिले नाही, ती दवाखान्यात एकाएकी कशी म्हणेल? या दिवाळीत फराळाच्या ताटावर बसलेल्या लेकीने आपली एखादी चूक दाखवली, तर तिला दटावण्यापूर्वी क्षणभर थांबावे. उद्या कुणाचा तरी जीव तिच्या त्या सवयीवर अवलंबून असेल, कदाचित आपलाच.