घाटावरची सकाळ

कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर उजाडायच्या आतच माणसं पाण्यात उतरलेली असतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि श्रद्धेतली गुप्त सरस्वती, अशा पाच जणींचं हे पाणी. पूर्वी पोराच्या पाठीला सुका भोपळा बांधून त्याला पाण्यात ढकलत. आता हवा भरलेली ट्यूब असते. ढकलणारे काका मात्र तसेच! सूर, मुटका, पाठीवर निवांत तरंगणं, मग पायरीवर अंग पुसत गप्पा. तिकीट काढून पोहण्यात मला ही मजा कधी आली नाही. पावसाळ्यात नदी पात्र सोडते, तेव्हा तिला लांबूनच नमस्कार. पण ज्या पाण्यात आपण डुंबतो, त्यातच निर्माल्याची पिशवी कशी सोडवते? उद्या घाटावर जाताना ती घरीच ठेवा. टॉवेल तेवढा घ्या.