आजचं चिंतन: गीता, अध्याय 17, श्लोक 5-6



वर्षभर मी सोमवार धरत होतो. नाव परळीच्या वैजनाथाचं. पण मंगळवारी सकाळी देवघराआधी वजनकाट्यावर उभा राहायचो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना आकडा दिसला की तो सुधारावासाच वाटतो. 86 चे 81 झाले, पुन्हा 86. आई भाकरी वाढायची, मी ताट सारायचो. ती एवढंच म्हणायची, "आरं, तुझ्या आजोबाचीच हाडं हायेत ही."

आज या श्लोकांपाशी अडलो. भगवंत सांगतात, दंभाने आणि अहंकाराने घोर तप करणारे लोक देहातल्या पंचमहाभूतांना कष्टवतात, आणि आत राहणाऱ्या मलाही. वाचून लाज वाटली. मी कुणाला वाळवत होतो?

आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सुमारे 40 फूट लांब कापडावर पंचीकरण लिहिलं, तीच प्रसिद्ध पासोडी. पाच भूतांच्या मेळातून हा देह कसा होतो, हे त्या संताने एवढ्या मायेने मांडलं. आणि मी त्याच देहाचा रोज राग राग करत होतो!

ही आळसाला सवलत नव्हे. सहाव्या अध्यायात बेताचा आहार-विहार सांगितलाच आहे. डॉक्टर म्हणाले, साखर, बीपी ठीक आहे, चालत राहा. तेवढं करीन. पण बारीक होण्याच्या हट्टाला उपवास म्हणणार नाही.

काल सोमवार सोडताना आईला आणखी अर्धी भाकरी मागितली. आज आधी देवघरात गेलो.

तुम्हीही ताट सारण्याआधी एकदा विचारा: हे मी कुणासाठी सोडतोय?

जय हरी.