डोळे सांभाळून

फोटॉनिक्सच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी हातातलं घड्याळ आणि अंगठ्या काढायला लावतात. धातूवर आपटलेला लेसर कुणाच्या डोळ्यात जाईल, सांगता येत नाही. त्यातून १०६४ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाश दिसतच नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. डोळ्याचं भिंग मात्र तो इमानेइतबारे रेटिनावर एकवटतं.

याच १०६४च्या लेसरने माझ्या आजीची नजर साफ केली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बसवलेल्या भिंगामागच्या पातळ पडद्यावर धूसरपणा आला होता. काही मिनिटांचं काम. त्याची वारंवारता दुप्पट केली की ५३२चा हिरवा प्रकाश मिळतो, त्याने मधुमेहींचा रेटिना वाचवतात. आणि हाच लेसर रणगाड्यावरून शत्रूचं अंतर मोजतो, बॉम्बला लक्ष्य दाखवतो.

"विज्ञान तटस्थ असतं, वापरणारा बरा-वाईट." आमच्या कँटीनमध्ये चहाबरोबर हे वाक्य फुकट मिळतं. मला ते आळशी वाटतं.

१९९५ साली व्हिएन्नात एक आंतरराष्ट्रीय करार झाला. माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठीच खास बनवलेल्या लेसर शस्त्रांवर त्याने बंदी घातली. अंतर मोजणारे, लक्ष्य दाखवणारे लेसर चालतात. त्यांच्या वापरात ओघाने कुणाचे डोळे गेले तर तेही बंदीत येत नाही. म्हणजे लेसर रोखून माणसावर बॉम्ब पाडता येतो, त्याचे डोळे मुद्दाम जाळता येत नाहीत. मारा, पण डोळे सांभाळून!

हा निव्वळ दांभिकपणा आहे, असं मला बरेच दिवस वाटायचं. आता त्या मजकुरातला 'खास बनवलेली' हा भाग जास्त टोचतो. कारण गुन्ह्याची सुरुवात रणांगणावर होत नाही. कोणती तरंगलांबी, किती ऊर्जा, किती लांबीचा पल्स, हे कुणीतरी टेबलाशी बसून, कशासाठी ते ठरवूनच निवडतं. त्या टेबलाशी बसायचंच शिक्षण मी घेतेय. एकदा हेतू डिझाइनमध्ये असतो हे मानलं, की लक्ष्य दाखवणाऱ्या लेसरला तरी त्यातून सूट कशी द्यायची?

काही अंतरमापक दीड मायक्रॉनच्या आसपास चालतात. तो प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, रेटिनापर्यंत जवळजवळ पोचत नाही. अशा यंत्रांना 'आय-सेफ' म्हणतात. सराव करणाऱ्या आपल्याच जवानांचे डोळे त्याने वाचतात, आणि ते वाचायलाच हवेत. पण अंतर मोजून झाल्यावर तोफ डागली जाते, तिच्यासाठी असा शब्द नाही.

पुढच्या महिन्यात अशी यंत्रं बनवणारी एक कंपनी कँपसवर येतेय. माझी रूममेट मुलाखत देणार आहे. तिच्यावर शैक्षणिक कर्ज आहे आणि भाऊ सैन्यात. तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. मी नाव दिलेलं नाही म्हटल्यावर तिने विचारलं, "तू नाही गेलीस म्हणून ती जागा रिकामी राहणारे का?"

नाही राहणार. तरी मी यादीत नाव घातलेलं नाही.