धागा, वीण आणि संस्कार

कार्य हे कारणाहून भिन्न असे नवे द्रव्य असते, की कारणाचीच ती एक निराळी मांडणी असते, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी ज्या दाखल्याच्या आधारे शतकानुशतके लढवला, तो दाखला तंतू आणि पट यांचा आहे. आणि दोन सुया व लोकरीचा एक गुंडा घेऊन विणकामाचा श्रीगणेशा करणाऱ्याच्या हाती, त्याने सांख्य आणि नैयायिक यांची नावेही ऐकलेली नसली तरी, हाच वाद पहिल्या दिवसापासून येऊन पडतो, अशी माझी धारणा आहे. किंबहुना मागावरच्या कापडापेक्षा येथे तो अधिक निकराचा होतो. कारण मागावर उभे धागे निराळे आणि आडवे निराळे असतात, हातच्या विणीत मात्र धागा एकच असतो.

शिकणाऱ्याला प्रथम काय करावे लागते ते पाहावे. सरकगाठ मारून एका सुईवर टाके घालायचे. मग दुसरी सुई पहिल्या टाक्यात पुढून मागे घालायची, धागा तिच्या टोकावर घ्यायचा, तो त्या टाक्यातून ओढून पुढे आणायचा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. हा सुलट टाका. धागा पुढे घेऊन सुई मागून पुढे घातली की उलट टाका होतो. या दोन स्वतंत्र विद्या आहेत असे समजून शिकणारा दोन्ही घोकत असतो. पण चार ओळी विणून होताच काम उलटून पाहिले, तर पुढून जो सुलट दिसत होता तोच टाका मागून उलट दिसतो, आणि ज्यांना आपण दोन मानले ती एकाच वळणाची दोन दर्शने आहेत हे बोटांना आधी आणि बुद्धीला मागून कळते. क्रोशाची रीत निराळी. तेथे आकड्याची एकच सुई; साखळी असो, मुका खांब असो वा खांब असो, एक टाका पुरा झाला की सुईवर एकच फास उरतो. दोन सुयांच्या कामात मात्र सबंध ओळीचे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात, आणि म्हणून त्यातला एक जरी सुटला, तरी खालच्या ओळींतले टाके एकामागून एक उकलत जातात.

सांख्यांचे म्हणणे असे की पट तंतूंत आधीच होता, तो केवळ प्रकट झाला. वाचस्पती मिश्रांनी सांख्यतत्त्वकौमुदीत यासाठी वजनाचा मुद्दा पुढे केला आहे : पट हे खरोखर नवे द्रव्य असते, तर तंतूंच्या वजनात त्याच्या वजनाची भर पडली असती. सुटे तंतू अंग झाकत नाहीत आणि पट झाकतो, मग दोघे एक कसे, या हरकतीचा खुलासाही त्यांनी केला आहे. पालखीचे भोई एकेकटे पालखी वाहू शकत नाहीत, मिळून वाहतात, म्हणून ते कोणी दुसरे होत नाहीत. शंकराचार्यही ब्रह्मसूत्रभाष्यात, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात, आडव्याउभ्या तंतूंवाचून पट म्हणून वेगळे काही आढळत नाही असेच सांगतात. विणलेला मोजा या पक्षाची साक्ष फार जोराने देतो. शेवटचा फास मोकळा करून टोक ओढले, की काही न कापता, काही न तोडता, सारा मोजा पुन्हा धागा होऊन मांडीवर येऊन पडतो, आणि ती सरकगाठसुद्धा अखेर सुटते.

तरी नैयायिकाचा दावा इतक्याने निकालात निघत नाही. लोकरीच्या धाग्याला ताण दिला तर तो फारसा लांबत नाही; त्याच धाग्याची वीण मात्र आडवी ताणली की सैल होऊन रुंदावते, कारण तेथे धागा लांबत नसून टाक्यांचे आकार बदलत असतात. जो गुण कारणात नव्हता तो कार्यात आला, हे डोळ्यांदेखत घडते आणि ते जमेस धरलेच पाहिजे. मात्र त्याचीही एक अडचण आहे. पटाचे असमवायी कारण तंतूंचा परस्परसंयोग असे तो मानतो, आणि संयोगाला दोन द्रव्ये लागतात. एकच धागा स्वतःशी संयोग कसा पावणार? संयोग धाग्याच्या भागांचा आहे असे म्हणावे, तर त्याच भागांत धागा आणि मोजा असे दोन अवयवी एका वेळी नांदतात असे मानावे लागेल, आणि ते त्याच्याच शास्त्राला रुचणारे नाही.

मला स्वतःला या वादाचा खरा उलगडा उसवण्यात दिसतो. उसवलेली लोकर पहिल्यासारखी सरळ नसते. प्रत्येक टाक्याची मुरड तिच्यात राहते, ओळीच्या ओळी कुरळ्या झालेल्या स्पष्ट दिसतात, आणि तिची लड करून, भिजवून, खाली थोडे वजन बांधून वाळत टाकल्यावाचून ती वळणे जात नाहीत. केलेले नाहीसे होत नाही, हा आपल्या कर्मविचाराचा गाभा आहे. कृतनाश हा दोष ठरवून दर्शनकारांनी तो टाळण्याची शिकस्त केली आहे. वैशेषिकांनी 24 गुणांत संस्कार हा एक गुण मोजला, आणि अन्नंभट्टांनी तर्कसंग्रहात त्याचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार दिले. वाकवलेल्या वस्तूला पूर्वस्थितीवर आणतो तो स्थितिस्थापक, आणि त्याला जागा चटईसारख्या पार्थिव वस्तूंत; अनुभवाने उपजते आणि स्मृतीला कारण होते ती भावना, आणि तिला जागा केवळ आत्म्यात. जी वस्तू ताणली वा मुरडली जाते ती आणि जो शिकतो तो, या दोघांवर उमटणारे ठसे एकाच गुणाखाली नोंदवण्यात या शास्त्रकारांनी जी सूक्ष्म दृष्टी दाखवली, तिच्यापुढे मी नतमस्तक आहे.

शिकणाऱ्याच्या बाबतीत मात्र ही वाटणी मला अपुरी वाटते. पुष्कळ वर्षांनी नातवंडाच्या टोपड्यासाठी सुया हाती घेणाऱ्या आजीला टाके किती घालायचे हे आठवावे लागते. धागा करंगळीभोवतून कसा घ्यायचा हे आठवावे लागत नाही, बोटे तो आपसूक घेतात. येथे स्मृती नाही, म्हणून ही भावना नव्हे असे कोणी म्हणेल. पण स्थितिस्थापकही हा नव्हे. कारण लोकर जेथे मुरडली तेथेच मुरडते, आणि आजीची बोटे पूर्वी कधी न विणलेला नमुना समोर ठेवला तरी तो उचलतात. स्मृतीवाचून काम करणारी भावना असते, आणि तिचे ठाणे आत्म्याइतकेच हातातही असते, असे मानल्यावाचून या बोटांचा हिशेब लागत नाही.