पाहिजे : लेडी टीचर

मराठीत ‘बाई’ या शब्दाला किती अर्थ आहेत, हे एखाद्या कोशकारानं एकदा निवांत बसून मोजायला हवं. फळ्यापुढे खडू घेऊन उभी असते ती बाई, सकाळी भांड्यांना येते तीही बाई, आणि ‘नको बाई!’ मधली बाई तर कुणीच नसते. त्यामुळे ‘बाई पाहिजे’ एवढीच पाटी कुणी लावली, तर नेमकं काय पाहिजे हे पगाराच्या आकड्यावरूनदेखील कळणार नाही. दोन्हीकडचे आकडे अलीकडे पुष्कळच जवळ आले आहेत. बहुधा म्हणूनच आमच्या देवणीकडच्या इंग्रजी शाळांनी ‘लेडी टीचर पाहिजे’ असं लिहायची पद्धत पाडली असावी. निदान भांड्यांना येणारी फसत नाही.

आता देवणी म्हणजे लातूर जिल्ह्याचं टोक. आणखी थोडं पुढं गेलात की कर्नाटक. १९९९ पर्यंत आम्ही उदगीर तालुक्यात होतो, मग आमचा आम्हाला तालुका मिळाला. पण गावाचं नाव बाहेर गेलं ते तहसील कचेरीमुळे नव्हे आणि आम्हां माणसांमुळे तर अजिबात नव्हे. ते गेलं जनावरांमुळे. देवणी जात. गाय दूध देते, बैल औताला चालतो; दोन्हीकडून कामाची. बैल घेणारा दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. वानेरा आहे, शेवेरा आहे की बालंक्या, ते बघतो. मग रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरतो. ह्या सगळ्या कारभारात गाय हवी की बैल हवा, यावर वाद झालेला मी ऐकलेला नाही. दुधासाठी बैल कुणी नेत नाही. नर की मादी हे कामावरून ठरतं, इतका हा सरळ हिशेब.

आता प्रश्न असा, की इंग्रजी शिकवणं हे दूध देण्यासारखं काम आहे, की औत ओढण्यासारखं?

हा प्रश्न मला पडायचं कारण आमचा भाचा. इंग्रजी घेऊन एम. ए., वर बी. एड., वर्ण सावळा, आवाज खणखणीत. परिसरातल्या एका शाळेत मुलाखतीला गेला आणि तासाभरात परत आला.

“काय रे, झाली का मुलाखत?”

“झाली की. मी बाई नाही म्हणून गेली नोकरी, मामा.”

संस्थाचालकांनी त्याला चहा पाजून कारणं सांगितली होती. पहिलं, लहान लेकरांना मायेनं शिकवणारं माणूस लागतं. दुसरं, पालकांना लेडी टीचरच आवडते. तिसरं कारण चहाचा कप खाली ठेवल्यावर आणि आवाज जरा उतरवून आलं : “तसं आहे सर, तुम्ही उद्या लग्न करणार, संसार मांडणार, तुम्हाला सहा हजारात कसं भागंल? लेडीजचं कसं असतं, मिस्टर कमावते असतात.”

तीन कारणांपैकी खरं कोणतं, हे ओळखायला एम. ए. व्हावं लागत नाही. खरं कारण नेहमी कप खाली ठेवल्यावर येतं.

इथं जमलं नाही म्हणून भाच्यानं परदेशाकडे मोर्चा वळवला. इंग्रजी शिकवायला माणसं सगळ्या जगाला लागतात, अशी त्याची समजूत. समजूत खरी होती. पण माणसं लागतात म्हणजे कुठली लागतात, ते जाहिराती वाचल्यावर कळलं. एके ठिकाणी बालवाडीसाठी बाईच हवी, सोबत हसरा फोटो जोडावा. दुसरीकडे आखाती देशातली मुलींची शाळा, तिथं तर पुरुषानं फाटकाशीही उभं राहायचं नाही. सौदी अरेबियात सरकारी मुलींच्या शाळा निघाल्या १९६० मध्ये, आणि त्यांचा कारभार २००२ पर्यंत मुलांच्या शाळांहून वेगळ्या खात्याकडे होता. मुलींच्या महाविद्यालयात एखाद्या विषयाला बाई प्राध्यापक मिळालीच नाही, तर पुरुष प्राध्यापक दुसऱ्या खोलीत बसून टीव्हीच्या पडद्यावरून शिकवायचे. मुलींना मास्तर दिसायचे, मास्तरांना मुली दिसायच्या नाहीत. (आमच्या वर्गातली मागची दोन बाकं मास्तरांना टीव्हीविनाही दिसत नसत, पण ते असो.) आणि बाहेरून येणाऱ्या बाईला सोबत नवरा, बाप, भाऊ असं कुणीतरी घरचं पुरुषमाणूस असावं, अशीही अट पुष्कळ वर्षं असायची. म्हणजे नोकरी बायकोला आणि नवरा तिच्या सामानात! भाच्याला ही कल्पना क्षणभर बरी वाटली. फक्त अजून बायको नव्हती.

आपण हसतो खरे, पण ‘परदेशी इंग्रजी मास्तरीण पाहिजे’ ही जाहिरात एकेकाळी आपल्याच मुलखातून गेलेली आहे. मुंबईच्या अमेरिकन मिशननं मुलींच्या शाळा काढल्या आणि त्या बघायला त्यांना बाई हवी होती. तेव्हा १८२७ मध्ये सिंथिया फेरार नावाची बत्तिशीची शिक्षिका अमेरिकेहून जहाजात बसली आणि मुंबईला उतरली. लग्न न झालेली बाई त्या मिशन बोर्डानं परदेशी पाठवायची ही सुरुवातीच्या खेपांपैकी एक. पुढं ती अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, गेली आणि १८६२ मध्ये तिथंच वारली. पस्तीस वर्षं झाली. जोतीराव फुल्यांनी तिची नगरची शाळा पाहिली, आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात काय झालं ते आपण शाळेत पाठ केलेलंच आहे. जोतीरावांनाही शिकवायला बाई हवी होती. ती जाहिरात देऊन मिळण्यासारखी नव्हती, म्हणून घरातच तयार केली.

म्हणजे बघा, ‘बाईच पाहिजे’ ही अट तेव्हाही होती आणि तिच्यामागं कारण पालकांचंच होतं. पुरुष मास्तरांपुढे पोरी बसवायला आईबाप तयार नव्हते. मग संस्थाचालक तरी वेगळं काय म्हणाले? पालकांना आवडतं, असंच ना? हे कोडं मला दोन दिवस पुरलं. माझी समजूत मी अशी घातली : फुल्यांनी पालकांचा आग्रह ऐकला तो पोरगी उंबऱ्याबाहेर यावी म्हणून. पोरी शिकल्या की तो आग्रह आपोआप मोडणार होता, आणि मोडलाही. आमचे संस्थाचालक पालकांची आवड जपतात, ती मात्र कधी मोडू नये अशी त्यांची इच्छा दिसते. स्वस्तात पडते ती.

सरकारही ‘बाई पाहिजे’ म्हणतंच. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून खडू-फळा मोहीम निघाली. एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक द्यायचा आणि दोघांतली एक शक्यतो बाई असावी, असं त्यात होतं. १९९४ च्या महिला धोरणानं राज्यात स्त्रियांना नोकऱ्यांत तीस टक्के जागा राखल्या. पण सरकारनं बाई घेतली तरी पगारपत्रकावर बाई म्हणून निराळा आकडा पडत नाही. फरक असला तर एवढाच आहे, आणि माझ्या मते एवढाच पुरेसा आहे. कायद्याचं म्हणाल, तर १९७६ च्या समान वेतन कायद्यानं नेमणूक करताना स्त्रियांबाबत भेदभाव करू नका म्हणून बजावलं. पुरुषांबाबत काही म्हटलं नाही, कारण तशी वेळ येईल असं कुणाला वाटलंच नसावं. २०१९ च्या वेतन संहितेत ‘लिंगाच्या आधारावर’ असा शब्द आला. भाच्यानं तो वाचून दाखवला, तेव्हा आक्का म्हणाली, “हो, जा आता कोर्टात. तुझ्या खटल्याचा निकाल लागंपर्यंत तू रिटायर होशील.”

आक्का म्हणजे भाच्याची आई. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं काढलेली. पोराची नोकरी गेली म्हणून ती संस्थाचालकांवर चिडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली ‘माया’ या शब्दावर.

“तीस वर्षं मला पहिलीचा वर्ग दिला. का, तर बाईला माया असते. सातवीला कधी दिलं नाही, हेडमास्तरकी तर लांबच. माया! अरे, चाळीस पोरांना बाराखडी शिकवायला डोकं लागतं डोकं! पण डोकं म्हटलं की त्याला पगार द्यावा लागतो. माया काय, फुकटच असते.”

मग पोराकडं वळून म्हणाली, “आणि तू कशाला रडालास? तुला डोकं आहे म्हणून घेतलं नाही, आणि तिला डोकं आहे हे न बघता घेतलं. तुझ्यापेक्षा तिचा अपमान मोठा आहे.”

यावर मला काही बोलता आलं नाही. पोटच्या पोराच्या बाबतीत इतका सरळ न्याय करणारी बाई हेडमास्तर झाली नाही, हे शाळेचं नुकसानच म्हणायचं.

पुढं भाच्याचं लग्न झालं. सूनबाई भालकीकडची, मराठी आणि कन्नड दोन्ही चांगलं, इंग्रजी बेताचं. त्याच शाळेत तीच पाटी अजून लटकत होती. ती गेली आणि पंधरा मिनिटांत लागली, इंग्रजीचीच शिक्षिका म्हणून! रात्री भाचा पाठ काढून देतो, उच्चार घोटून घेतो, वह्याही तोच तपासतो. सकाळी ती शिकवते, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा बरं शिकवते. त्याला वर्गात लवकर राग येतो. संस्थाचालक पालकसभेत सांगतात, “बघा, लेडी टीचरमुळे इंग्रजी किती सुधारलं!” सभेत मागं बसून भाचाही टाळ्या वाजवतो.

गेल्या जूनमध्ये सूनबाई पगारवाढ मागायला गेल्या. साहेबांनी चहा मागवला आणि नेहमीचं सुरू केलं, की मॅडम, तुम्हाला काय कमी आहे, मिस्टर असतीलच की.

“आहेत ना सर. पण ते घरीच असतात,” सूनबाई म्हणाल्या. “तुम्हीच घेतलं नव्हतं त्यांना. आता घर माझ्यावर आहे. तेव्हा मला पुरुषाचा पगार लावा.”

साहेब विचार करून सांगतो म्हणाले आहेत. दिवाळी होऊन गेली, अजून करताहेत.