सगळ्यांचा श्वास वीसच कसा?

बसू नका, उभ्याच राहा. रात्रीचे चार्ट माझ्या हातात आहेत. वॉर्डात 32 रुग्ण आणि श्वासाच्या रकान्यात 32 वेळा 20. न्यूमोनियावाल्याचा 20, दम्याच्या मुलाचा 20, छातीत पाणी झालेल्या बाईंचा 20 आणि आज घरी जाणाऱ्याचाही 20. याला नजरचूक म्हणत नाहीत, मुलींनो. ही खोटी नोंद आहे आणि तिच्याखाली सही तुमची आहे.

चौदा नंबरच्या आजोबांकडे तुमच्यापैकी कोणी नीट बघितलं का? खाटेच्या कडेवर बसलेत, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेत. मानेचे स्नायू ताठलेत, प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळगी आत ओढली जातेय, ओठांचा चंबू करून हवा सोडताहेत. नाव विचारलं तर नाव आणि आडनाव यांच्यामध्ये दम घ्यावा लागला. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं, श्वास भरले 34. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 12 ते 20 असतो हे पहिल्या वर्षाला शिकवलंय. पंचविशी गाठली की डॉक्टरांना ताबडतोब कळवायचं, हेही शिकवलंय. त्यांची सून रात्री दोनदा तुमच्या टेबलाशी आली, बाबांना जास्त धाप लागतेय म्हणाली. तुम्ही बोटाला ऑक्सिमीटर लावलंत आणि ‘91 आहे, ठीक आहे’ म्हणून तिला परत पाठवलंत. ते 91 टिकवायला त्या म्हाताऱ्या जिवाला किती झगडावं लागतंय, हे ऑक्सिमीटर सांगत नाही. ते डोळ्यांनी बघायचं असतं आणि म्हणूनच रात्री माणूस ठेवतात.

आता नऊ नंबरच्या काकू. त्यांच्या ऑक्सिजनला हात कोणी लावला? केस पेपरवर स्पष्ट लिहिलंय, 2 लिटर, सॅचुरेशन 88 ते 92 मध्ये ठेवा. मी गेले तेव्हा फ्लोमीटरची गोळी 6 वर होती. सॅचुरेशन 98, आणि तुम्ही समाधानाने तो आकडा लिहिलात. काकू हाकेला अर्धवट ओ देत होत्या, तर ‘रात्रभर जागल्यात, झोपू दे’ असं मला सांगितलंत. ती झोप नव्हती. सीओपीडीच्या अशा रुग्णाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि माणूस गुंगीत जातो. बोटावरचं यंत्र तो साठा दाखवत नाही, उलट त्याचा आकडा छान दिसतो. सकाळचं डोकं दुखणं, वाढती सुस्ती, हात पुढे करायला सांगितल्यावर मनगटांची फडफड, ही लक्षणं बघायला कुठलं यंत्र लागतं? अशा वेळी घाबरून ऑक्सिजन एकदम बंदही करायचा नसतो. डॉक्टरांना बोलवायचं, एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी पाठवायची आणि रुग्णापाशी उभं राहून, सॅचुरेशन बघत प्रवाह उतरवायचा.

याच काकूंच्या हिस्टरीत ‘धूम्रपान नाही’ एवढं लिहून पान उलटलंत. त्यांनी आयुष्यभर बंद खोलीत चुलीवर स्वयंपाक केलाय. आपल्या खेड्यांतल्या कितीतरी बायकांची फुफ्फुसं विडीला हात न लावता त्या धुराने गेलीत. चुलीचं विचारलंच नाहीत, तर घरी जाताना त्यांना सांगणार काय?

स्टेथोस्कोप गळ्यात मिरवायला दिलेला नाही. साडीवरून, ब्लाउजवरून ऐकता, तेही फक्त पुढून, तेव्हा कापडाची खसखस ऐकू येते. रुग्णाला बसवा, आडोसा करा, पाठीवर थेट त्वचेला लावा, डावी-उजवी बाजू ताडून बघा, अगदी खालपर्यंत या. आणि दम्याच्या मुलाची घरघर थांबली म्हणून ‘आराम’ असं कोणी लिहिलं? घरघर थांबली, पण धाप तशीच आहे आणि मूल थकत चाललंय, तर आत हवाच जात नाहीये. तो क्षण पळत जाण्याचा.

आयसीडीच्या, म्हणजे छातीत घातलेल्या नळीच्या बाटलीबद्दल एकदाच सांगते. एक्स-रेला नेताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवायची नाही. बाटली छातीच्या खालीच हवी, नाहीतर आतलं पाणी उलटं छातीत जातं. आणि बुडबुडे येत असताना नळी चिमट्याने आवळलीत तर हवा आत कोंडून हृदयाला बाजूला ढकलेल. त्यात माणूस बघता बघता जातो.

तुम्ही म्हणाल, मॅडम, रात्री दोघीच होतो. खरं आहे. 32 रुग्णांना दोन मुली ही व्यवस्था चूक आहे, आणि त्यासाठी मेट्रनशी भांडणं माझं काम, ते मी करते आहे. पण वेळ नाही मिळाला तर रकाना रिकामा सोडा. रिकामा रकाना दिसला की सकाळची सिस्टर आधी तिथे जाईल. 20 दिसलं की कोणीही जाणार नाही, डॉक्टरसुद्धा राउंडला पुढे सरकतील. तुमच्या त्या आकड्याने पुढच्या प्रत्येकाचे डोळे बांधले.

आता घड्याळं काढा. मनगट हातात घ्या, नाडी बघताय असं रुग्णाला वाटू द्या, कारण श्वास मोजतोय कळलं की तो बदलतो. नजर छातीवर ठेवा आणि पूर्ण 60 सेकंद मोजा. 15 मोजून चाराने गुणलेलं मी चालवून घेणार नाही. ज्यांना धाप आहे त्यांच्यापासून सुरुवात करा. तुमच्या मागोमाग मी प्रत्येक खाटेवर पुन्हा मोजणार आहे, आणि यापुढे जिची नोंद खोटी निघेल तिची या वॉर्डाची ड्यूटी मी पूर्ण झाली म्हणून सही करणार नाही.